लील-स्युर-ला-सोर्ग एका रविवारात बघून होईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी चूक झाली असेल तर कळेल. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन तुम्ही शुक्रवार ते सोमवार अशा तीन रात्री दक्षिण फ्रान्समधल्या अविन्योंला राहणार आहात. आई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखरे. बाबा ७६, कृषी खात्यातून निवृत्त, चालायला खणखणीत. गाडी चालवायची नाही, सगळे शाकाहारी. आणि रविवारच्या एका दिवसात लील-स्युर-ला-सोर्गचा बाजार, फोन्तेन-द-व्होक्लूझचा झरा, डोंगरावरचं गोर्द आणि जमलंच तर सेनांकच्या मठासमोरचं लॅव्हेंडर असं सगळं बसवायचंय. "एक दिवस पुरेल का?"

नाही पुरणार. पण मला विचाराल तर अडचण दिवस कमी असण्याची नाहीच. तुम्ही या गावाला नेमक्या अशा वेळी जाताय, जेव्हा गाव दिसत नाही.

मी गेली सोळा वर्षं या भागात मराठी मंडळींचे आठ-दहा जणांचे गट नेतो. त्याआधी चार वर्षं मोठ्या बसवाल्या सहलींवर टूर मॅनेजर होतो. त्या काळात ऑगस्टमधल्या एका रविवारी चव्वेचाळीस माणसं घेऊन मी सकाळी अकरा वाजता लीलला पोचलो. बस कुठे लावायची इथपासून तयारी होती. शेवटी गावाबाहेर लांब सोडली, सगळ्यांना दीड तास दिला, त्यातला अर्धा तास चालण्यात गेला आणि पाऊण तास स्वच्छतागृहाच्या रांगेत. परत येताना एक काकू लॅव्हेंडरची एवढीशी पुरचुंडी हातात घेऊन म्हणाल्या, "गाव छान असेल हो, पण लोकांच्या पाठीच बघितल्या." त्यानंतर रविवारी अकरा वाजता मी या गावात पाऊल ठेवलेलं नाही. त्या वेळी मी तिथून बाहेर पडत असतो.

हे का म्हणतो ते कळायला गावाची ठेवण सांगायला हवी. नाव लिहिताना लांबलचक, पण बोलताना तिथले लोक नुसतं "लील" म्हणतात, म्हणजे बेट. वस्ती वीस हजारांच्या आसपास. सोर्ग नदी फोन्तेन-द-व्होक्लूझच्या कड्याखालून एकदम पूर्ण नदी म्हणूनच बाहेर पडते आणि सात-आठ किलोमीटरवर लीलला येते. गावाच्या थोडं वरच्या अंगाला एक जागा आहे, तिचं नावच "पाण्याची वाटणी". तिथे नदीचे दोन मोठे फाटे होतात, आणि गावाभोवती व गावातून पाटांसारखे प्रवाह फिरतात. जुनं गाव त्यांच्या मधोमध. सगळं सपाट. तुमच्या आईंसाठी या अख्ख्या भागात याहून सोयीचं गाव मला माहीत नाही. चढ नाही, दर पन्नास पावलांवर कठडा किंवा बाक, आणि चिनाराची सावली.

या प्रवाहांवर लाकडी पाणचक्क्या आहेत. आज चौदा-पंधरा उरल्यात, पूर्वी याच्या कितीतरी पट होत्या. आपल्याकडची मंडळी बघताच "रहाट!" म्हणतात. तसं नाही. यांचं काम पाणी उपसण्याचं नव्हतं. पाण्याच्या जोरावर गिरण्या चालायच्या: धान्य, तेल, कागद, रेशीम आणि मुख्य म्हणजे लोकर. त्या लोकरीच्या धंद्यातली १८०८ साली सुरू झालेली ब्रँ द व्हियाँ-तिराँ ही गिरणी अजून गावात चालते, घोंगड्या-शाली विणते, आणि तिने स्वतःचं संग्रहालयही काढलंय. आईंना विणकामात रस असेल तर ते बाजारापेक्षा जास्त आवडेल.

पण या चाकांची खरी मजा सकाळी सातला. चाकावर शेवाळाची एवढी जाड गादी चढलेली असते की मूळ लाकूड दिसतच नाही. प्रत्येक फळी वर येताना शेवाळ पाणी धरून ठेवतं, आणि माथ्यावरून खाली वळताना सोडून देतं. त्यामुळे चाक फिरताना सतत एक बाजू गळत असते, दुसरी भरत असते. बाजूला उभं राहिलात तर कण्हल्यासारखा एक लाकडी आवाज येतो आणि त्यावर टपटप. खालचं पाणी इतकं नितळ की तळातलं लांब हिरवं गवत विंचरल्यासारखं एका दिशेला पडलेलं दिसतं. जूनमध्ये बाहेर पस्तीस अंश असले तरी हे पाणी बाराही महिने तेरा अंशांच्या आसपासच. बोटं बुडवलीत तर मिनिटाभरात कळ येईल. हे सगळं रविवारी दहानंतरही तिथेच असतं, पण समोर छत्र्या, टोप्या आणि सेल्फीच्या काठ्या असतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. अविन्योंच्या तीनपैकी दोन रात्री लीलला हलवा. शुक्रवारी रात्री अविन्यों, शनिवारी सकाळी पोपचा राजवाडा बघा, चार-पाचच्या सुमारास लोकल गाडीने लीलला या. अविन्यों सेंटर स्टेशनवरून अर्ध्या तासाचा प्रवास. लीलच्या स्टेशनवरून पाण्यापर्यंत सामान ओढत दहा मिनिटं. सोमवारी परत त्याच गाडीने सेंटर, आणि तुमची पॅरिसची गाडी अविन्यों टीजीव्ही (वेगवान गाड्यांच्या) स्टेशनवरून असेल तर लक्षात ठेवा, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. २०१३ पासून त्यांना जोडणारी छोटी गाडी आहे, पाच मिनिटांत पोचवते. मध्ये तासभर मोकळा ठेवा, म्हणजे आईंना जिन्यांवर घाई करावी लागणार नाही.

हॉटेलचे पैसे भरून झाले असतील आणि परत मिळणार नसतील, तर हा हट्ट मी धरणार नाही. तसं असेल तर रविवारी पहिल्या सोयीच्या गाडीने निघा आणि साडेआठच्या आत गावात असा. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी स्टेशनवरच बघून घ्या. साडेदहापर्यंत बाजार, मग चर्चमध्ये बसणं. नोत्र-दाम-देझ-आंज बाहेरून अगदी साधं, आत मात्र छतापर्यंत सोनेरी नक्षी आणि देवदूतांची गर्दी. उन्हात थकलेल्या गुडघ्यांना गार बाकावर वीस मिनिटं मिळतात, हे मी जास्त महत्त्वाचं धरतो. तिथून दुपारी झऱ्याकडे. पण झऱ्याची बस रविवारी कशी आहे, हेही आधी बघावं लागेल. राहिलात तर ही सगळी कसरत वाचते.

आता झरा. इथे बाबांची अपेक्षा आधी जागेवर आणूया, कारण तुम्ही लिहिलंय की त्यांनी व्हिडिओत "धबधब्यासारखं उसळणारं पाणी" पाहिलंय. ते पाहिलं असेल ते पावसाळी शरद ऋतूतलं किंवा मार्च-एप्रिलमधलं. व्होंतू पर्वत आणि व्होक्लूझच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ चुनखडीत मुरतं. हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशाचं पाणी जमिनीखालून येऊन या एकाच तोंडातून बाहेर पडतं. पूर असताना ते सेकंदाला शंभर घनमीटरपर्यंत जातं. कड्याला चिकटलेलं एक अंजिराचं झाड आहे. पाणी त्याच्या मुळांपर्यंत चढलं की काठावरून ओसंडतं, ही तिथली जुनी खूण. जूनअखेर मात्र तुम्हाला दिसेल ती कड्याच्या पायथ्याशी खोल गेलेली, गडद निळी-हिरवी, न हलणारी डोह. नदी त्याच्या खालच्या दगडांमधून गुपचूप निघालेली असते.

मला स्वतःला तो शांत डोहच जास्त आवडतो. त्याचा तळ गाठायला माणसं शतकभराहून जास्त काळ धडपडली. प्रसिद्ध फ्रेंच पाणबुड्या जाक कूस्तो १९४६ साली त्यात उतरला आणि टाकीतल्या दूषित हवेमुळे मरता मरता वाचला. अखेर १९८५ मध्ये एका यंत्राने ३०८ मीटरवर तळ गाठला. बाबांना काठावर उभं करून आधी हे सांगा, मग खाली बघायला सांगा. "पाणी कुठंय?" असं विचारणार नाहीत. इटालियन कवी पेट्रार्क चौदाव्या शतकात इथे मुक्कामाला होता, त्याचं लहानसं संग्रहालय आहे. वेळ असेल तरच.

गावापासून डोहापर्यंतची वाट किलोमीटरभर, हळूहळू चढणारी, नदीच्या कडेने. बाजूला दुकानं आणि जुनी कागद गिरणी. शेवटचा टप्पा थोडा खडबडीत आहे. माझ्या गटातल्या गुडघेवाल्या मंडळींपैकी बरीच जणं सावकाश जातात, काही जणं मध्येच नदीकाठच्या कॅफेत बसून राहतात आणि त्यांचं काही चुकत नाही. झऱ्याला रविवारी दुपारी जाण्यापेक्षा सोमवारी सकाळी लवकर जा. किंवा सोमवारी तुमची गाडी लवकर असेल तर रविवारी साडेपाचनंतर, ऊन कलल्यावर, टॅक्सीने. लीलहून अंतर इतकं थोडं की तिघांत टॅक्सी जड जात नाही. परतीची वेळ मात्र जातानाच ठरवून घ्या. तिथे हात दाखवून टॅक्सी मिळत नाही.

गोर्द सोडा. सांगताना जिवावर येतं, कारण गाव देखणं आहे. पण ते डोंगरावर चढवलेलं, दगडी पायऱ्यांचं गाव आहे. आईंना तिथे एका ठिकाणी बसून खालचं खोरं बघण्यापलीकडे काही करता येणार नाही, आणि गाडीशिवाय तिथे जाणं-येणं हाच एक दिवस. सेनांकचं तसं नाही. बाराव्या शतकातला तो करडा मठ आणि समोरच्या जांभळ्या रांगा, हे तुमच्या तारखांना बहुतेक फुललेलं असेल. जूनचा मध्य ते जुलैचा मध्य हा साधारण हंगाम. थंडी-पावसाप्रमाणे आठवडा इकडेतिकडे होतो. लॅव्हेंडर हवंच असेल तर अविन्योंहून सुटणाऱ्या छोट्या व्हॅनच्या अर्ध्या दिवसाच्या सहली असतात. शनिवारी सकाळी तशी एक घ्या आणि पोपचा राजवाडा शुक्रवारी दुपारी उरका. दोन्ही हवं आणि विश्रांतीही हवी, हे जमणार नाही. यात काय सोडायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा.

थोडक्यात आतापर्यंतचं: शनिवारी संध्याकाळी लील, रविवारी पहाटेचं गाव आणि दहापर्यंतचा बाजार, दुपारी झोप, सोमवारी सकाळी झरा किंवा जुन्या वस्तूंची दुकानं, मग अविन्यों.

हो, दुपारची झोप मी गंमत म्हणून लिहिलेली नाही. जूनअखेरचं ऊन कडक असतं. बारा ते दोन दुकानं बंद, आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं बरोबर तेवढ्याच वेळात चालू. "अडीचला जेवू" म्हणालात तर उपाशी राहाल. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी फारसं कुणी देत नाही. आई-बाबांना सात वाजता जेवायची सवय असेल तर सकाळच्या बाजारातूनच रात्रीची सोय करून ठेवा.

बाजार आणि खाणं यावर मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण शाकाहारी मंडळींची फसगत इथेच होते. माझ्या हातून एक चूक झालीय. गटात दोन जैन काकू होत्या. रविवारी बाजारात मीच कौतुकाने काळ्या ऑलिव्हची चटणी, टापेनाद, पावावर लावून त्यांच्या हातात दिली. विक्रेतीने सहज घटक मोजून दाखवले: ऑलिव्ह, केपर, आणि अँकोवी. म्हणजे खारवलेले मासे. पारंपरिक टापेनादमध्ये ते असतातच. काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय काही वाढत नाही.

तर लक्षात ठेवायचं ते असं. "वेजेतारियँ" एवढं म्हणून भागत नाही, मासे चालतात असा समज असणारे भेटतात. "नी व्हियाँद, नी प्वासों" म्हणा, म्हणजे मांस नाही आणि मासेही नाहीत. "लारदों" हा शब्द दिसला की ते डुकराच्या मांसाचे तुकडे. कीशमध्ये, सॅलडमध्ये, कधी फुगास नावाच्या पावातही ते असतात. ऑलिव्हचा फुगास मागून घ्या. "सूप ओ पिस्तू" मिळालं तर सोडू नका: शेंगा, घेवड्याचे दाणे, झुकिनी, बटाटा, आणि वरून तुळशीच्या कुळातल्या बेझिलची लसूण-तेलात वाटलेली चटणी. आमच्याकडच्या मिसळभाजीच्या आमटीची आठवण येते. पण पाणी कशाचं आहे, हाडांचं तर नाही ना, हे विचाराच. वांगी-टोमॅटोचे थर लावून भाजलेलं तियाँ सहसा निर्धोक. शेळीचं ताजं चीज चविष्ट, पण बहुतेक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. घरी त्याचं पाळत असाल तर चीज सोडा. जेवताना "कराफ दो" म्हणालात की नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

खरबूज मात्र खाच. शेजारच्या काव्हायोंची खरबुजं आपल्या बाजारातल्या खरबुजापेक्षा लहान, आत गडद केशरी. चांगला विक्रेता आधी विचारतो, "आज खाणार की उद्या?" आणि त्याप्रमाणे निवडून देतो. देठाभोवती बारीक चीर पडलेली आणि बुडाशी वास आलेलं ते आजचं. चेरी जूनअखेर संपत आलेल्या असतात, मिळाल्या तर नशीब.

इथे बाबांसाठी वेगळं सांगतो. लोकल गाडीत खिडकी त्यांना द्या. अविन्यों ते लील या सपाट मैदानात शेतांच्या कडेने सरूची उंच, दाट कुंपणं दिसतील, आणि ती जवळजवळ सगळी पूर्व-पश्चिम आहेत. कारण मिस्ट्राल नावाचा कोरडा, बोचरा वारा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटतो आणि कोवळ्या भाज्या झोडपून काढतो. पाणी मात्र सगळं सोर्गचं नाही. १८५७ मध्ये ड्युराँस नदीवरून कार्पांत्राचा कालवा आला, आणि रेल्वे आली, तेव्हा हा भाग पॅरिसला हंगामाआधीची भाजी पुरवू लागला. पाटाचं पाणी शेतकऱ्यांच्या संघांकडून वाटलं जातं. मी मूळचा साक्रीचा. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनीच पाटाचं पाणी वाटून घेणं, आणि पाटकऱ्याची पाळी बघत वाढलो. पहिल्यांदा इथल्या एका शेतकऱ्याने "आज माझी पाळी नाही" म्हणून पाटाचं दार टाकलेलं बघितलं तेव्हा तिथेच थांबून त्याच्याशी मोडक्या फ्रेंचमध्ये अर्धा तास बोललो.

आणखी एक. लीलजवळ आल्ताँ-दे-पाल्यू नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात या भागात मंजिष्ठेची लागवड रुजवणाऱ्या जाँ आल्ताँचं नाव त्याला दिलंय. आपल्या आयुर्वेदातली मंजिष्ठा आणि ही युरोपातली, दोघी सख्ख्या बहिणी. मुळांपासून लाल रंग. फ्रेंच सैन्याच्या लाल विजारी त्यानेच रंगायच्या. १८६८-६९ मध्ये तोच रंग प्रयोगशाळेत तयार व्हायला लागला आणि काही वर्षांत इथली मंजिष्ठेची शेतं गेली. भाजी-फळांकडे हा भाग वळला त्यामागे हेही एक कारण. बाबांना आवडेल असं वाटतं.

जुन्या वस्तूंचं तुम्ही विचारलंय, त्याचं छोटं उत्तर. गावात जुन्या वस्तूंचे तीनशेच्या आसपास व्यापारी आहेत. रविवारी सकाळी काठावर मांडतात ते "ब्रोकांत": मुलाम्याच्या किटल्या, जुनी हॉटेलातली काटे-चमचे, नावाची अक्षरं भरतकाम केलेल्या तागाच्या चादरी. आतल्या मोठ्या दालनांत बसतात ते खरे अँटिकवाले. ती दालनं मुख्यतः शनिवार, रविवार आणि सोमवार उघडी असतात, म्हणून सोमवारची सकाळ निवांत. भाव करायचा असेल तर आधी "बोंझूर" म्हणा, मग वस्तू उचला. बोंझूर न म्हणता हात लावलात तर भाव कमी होत नाही. चादरी घ्या. वजनाला हलक्या, आणि तीस वर्षं टिकतात. तांब्याची पातेली हातात घेऊन बघा आणि परत ठेवा.

ईस्टर आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास मोठी जत्रा भरते, तुमच्या तारखा त्यात येत नाहीत. नाहीतर हा सगळा सल्ला मी बदलला असता. गर्दीचा अगदीच तिटकारा असेल आणि तारखा हलवता येत असतील, तर गुरुवारी लहान बाजार भरतो. त्यात गावातलेच लोक पिशव्या घेऊन येतात. पण गुरुवारी अँटिकची बरीच दालनं बंद असतील.

राहायची खोली घेताना एवढं बघा: पाण्याकाठची खोली सुंदर, पण रविवारी पहाटे पाच-साडेपाचला बाजारवाल्यांच्या गाड्या खिडकीखाली लागतात. लोखंडी सांगाडे, ताडपत्र्या, हाका. आईंची झोप हलकी असेल तर मागच्या गल्लीतली घ्या. लिफ्ट आहे का, हे फोन करूनच विचारा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी मुद्दाम पुढची घेतो, त्या आवाजाने उठतो, आणि गाड्या रिकाम्या होईपर्यंत पाणचक्कीपाशी जाऊन उभा राहतो.